सोलर ४जी कॅमेरा, दहा महिन्यांनंतर: चोर दिसले, पण आम्हाला उठवलं दुसऱ्याच वस्तूने

गेल्या गुरुवारी रात्री २ वाजून ४१ मिनिटांनी आमच्या वस्तीवर दोन माणसं शिरली. कॅमेऱ्याने त्यांना पाहिलं, चित्रण केलं, माझ्या मोबाईलवर सूचनाही पाठवली. ती सूचना मी पहाटे साडेपाचला, धारा काढायला उठल्यावर वाचली. मोबाईल उशाशीच होता, आवाज पूर्ण मोठा होता. पण हे ॲप माणूस दिसल्यावर एकदाच 'टिंग' करतं, व्हॉट्सॲपवर कोणी सुप्रभात पाठवावं तेवढंच. दिवसभर राबून झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही.

कुत्री वाचली. दोन्ही वाचली. ती कशामुळे, ते पुढे सांगतो. कॅमेऱ्याचं नाव देत नाही, कारण चार-पाच नावांनी हाच माल विकला जातो: दोन अँटेना, वर सोलर पॅनल, फिरणारं डोकं, आत सिम आणि मेमरी कार्ड. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तो पाहिलेलाच असणार.

आधी आमची गरज सांगतो. जत तालुक्यात गावापासून लांब वस्ती, मेंढरांचा धंदा, त्यात माडग्याळी मेंढ्या. लांडग्याची भीती कायमची, म्हणून कुत्री. वाघ्या गावठी, तो मेंढरांबरोबर राहतो आणि वाघरीभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीभोवती, रात्रभर फिरतो. बाकीची कारवानी जातीची, ज्यांना सीमेपलीकडे कर्नाटकात मुधोळ म्हणतात. २००५ साली पोस्टाने चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होतं. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये या जातीचं नाव घेतलं. आम्हाला अभिमान वाटला, पण त्यानंतर आमच्या रस्त्याला कुत्री बघायला येणाऱ्या अनोळखी गाड्याही वाढल्या.

लोक विचारतात, राखणीचं कुत्रं चोरीला जातंच कसं? कारवानी नजरेवर चालणारं कुत्रं आहे. पळणाऱ्या जनावरावर त्याची झेप बघावी, पण उगाच भुंकणं त्याच्या रक्तात नाही. वाघ्या पानाच्या सळसळीला गाव उठवतो. कारवानी मान वर करून बघते आणि पुन्हा अंग टाकते. दिवाळीनंतर तात्या मेंढरं घेऊन चाऱ्याला बाहेर पडतात, वाघ्या त्यांच्याबरोबर जातो. घरी राहतात म्हातारे आबा, आम्ही, आणि गाभण किंवा पिल्लांजवळची कारवानी. म्हणजे ज्या महिन्यांत रानातली शाळू ज्वारी माणूस लपेल एवढी वाढते, त्याच महिन्यांत वस्तीवर भुंकणारं कोणी नसतं.

२०२४ च्या दिवाळीत आमची हरणी अशीच गेली. गाभण होती म्हणून तिला मागे ठेवलं होतं. फटाक्यांच्या आवाजात गोठ्यातली साखळी कापली, आम्हाला पत्ता लागला नाही. तक्रार द्यायला गेलो तर किंमत विचारली. आबांनी साधेपणाने सांगितलं, "घरचंच कुत्रं हाय, किंमत काय सांगायची?" तीन हजार लिहिली आणि अदखलपात्र नोंदीचा कागद हातात दिला. नंतर एका वकिलांनी समजावलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ मध्ये पाच हजारांखालच्या चोरीसाठी वेगळी तरतूद आहे, आणि तशी चोरी अदखलपात्र ठरते. अदखलपात्र म्हटल्यावर न्यायाधीशांच्या हुकमाशिवाय पोलीस तपासाला लागत नाहीत. एका आकड्यापायी आमची हरणी कोणी शोधलीच नाही. हा राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर गोठ्याशेजारी दहा बाय आठची वेल्डमेश जाळीची खोली बांधली, वर पत्रा, खाली कोबा. आणि जानेवारी २०२५ मध्ये हा कॅमेरा घेतला: ५,२०० रुपये, कार्ड वेगळं, सिमचं रिचार्ज महिन्याला दोनशेच्या घरात. वस्तीवर वायफाय नाही आणि वीज रात्री कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून सोलर आणि सिम.

पहिले चार महिने मी तो सगळ्यांना घ्यायला सांगत होतो. रात्रीचं चित्र स्वच्छ येतं. बाजारात बसून खोली बघता येते, बोलता येतं. आमची कारवानी कुत्री सर्जी माझा आवाज ऐकून कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी राहायची. एक मर्यादा मात्र लगेच कळली. बॅटरीवरचा कॅमेरा सतत जागा नसतो. अंगाची ऊब जाणवली की तो जागा होतो आणि मग चित्रण सुरू करतो, त्यात एक-दोन सेकंद जातात. दरवाज्यासमोरून भराभर चालणाऱ्या माणसाची पाठच मिळते. यावर उपाय आहे. माणूस कॅमेऱ्याच्या दिशेने बराच वेळ चालत येईल अशा कोपऱ्यात तो लावा. मी जागा बदलली, फरक पडला.

जूनमध्ये भोंगा बंद करावा लागला. माणूस दिसला की कॅमेराच भोंगा वाजवतो अशी सोय आहे, पण पावसाळ्यात पाखरं कॅमेऱ्याच्या दिव्यावर येतात आणि भोंगा रात्रीत दहादा वाजतो. 'फक्त माणूस' हा पर्याय लावला, तर आबा घोंगडं पांघरून गेले की त्यांना माणूस धरत नाही. घोंगडं पांघरलेला चोरही मग सुटणारच.

म्हणून सगळी भिस्त मोबाईलच्या सूचनेवर आली, आणि ती सूचना म्हणजे ते 'टिंग'. कंपनीच्या मदत क्रमांकावर मी सात वेळा फोन केला, तारखा वहीत आहेत. प्रत्येक वेळी नवा माणूस, प्रत्येक वेळी सगळं पहिल्यापासून सांगायचं. "सर, नोटिफिकेशन तर येतंय ना?" येतंय हो, पण ऐकू येत नाही. तिसऱ्या फोनला कळलं की फोनसारखी रिंग हवी असेल तर महिन्याला १४९ रुपयांची योजना घ्यावी लागेल. खोक्यावर चोरापासून संरक्षण असं मोठ्या अक्षरांत छापलंय. झोपलेल्या मालकाला उठवणं हा संरक्षणाचाच भाग आहे, त्याचे वेगळे पैसे कसे? वर्षाचे १,७८८ रुपये होतात. तेवढ्यात दोन कुत्र्यांची सगळी लस होते. मी ते पैसे भरले नाहीत आणि भरणारही नाही.

त्याऐवजी जुलैमध्ये तालुक्याच्या इलेक्ट्रिकल दुकानातून ६५० रुपयांची बिनतारी बेल आणली. चुंबक दारावर, त्याचा सेन्सर चौकटीवर. दार बोटभर सरकलं की घरातला डबा वाजायला लागतो आणि बंद करेपर्यंत थांबत नाही. डबा आबांच्या बाजेला बांधला. यात ॲप नाही, सिम नाही; सेल संपत आले की तांबडा दिवा लागतो. गुरुवारी रात्री हीच वाजली.

चित्रणातून नंतर सगळं जुळवता आलं. २ वाजून ४१ मिनिटांनी दोघे शाळूतून आले. एकाने जाळीतून काहीतरी आत टाकलं, मटणाचे तुकडे होते ते. सर्जीने हुंगून सोडले, कारण लहानपणापासून तिला आबांच्या हाताशिवाय खायची सवय नाही. तिच्या लेकीने एक खाल्ला. दुसरा दाराशी बसला. आधी बिजागरीकडे गेला, तिथे काही चाललं नाही, मग पहारीने कोयंडा उचकटू लागला. २ वाजून ४५ मिनिटांनी दार हललं, बेल वाजली, आबा ओरडत उठले, मी बॅटरी घेऊन धावलो. दोघे बांधावरून पळाले, खाली पिकअप उभी होती.

चार मिनिटं. कॅमेऱ्याला ते चार मिनिटं आधी दिसले होते. कोयंडा जरा कच्चा असता, तर आम्ही दारात पोचेपर्यंत पिकअप रस्त्याला लागली असती.

बिजागरीचं सांगायलाच हवं. वेल्डरने दार बसवलं तेव्हा बिजागऱ्या बाहेरून स्क्रूने मारल्या होत्या. मार्चमध्ये माझ्या ध्यानात आलं की कुलूप कितीही भारी असलं तरी एका पेचकसाने दार उतरतं. गोल डोक्याचे बोल्ट आरपार घालून आतून नटांवर वेल्डिंगचा टाका मारून घेतला, १८० रुपये खर्च आला. कॅमेऱ्याआधी ही बिजागरी तपासा. आमच्या भागात कित्येक गोठ्यांच्या दारांना अजून बाहेरून स्क्रू आहेत.

सर्जीच्या लेकीला सकाळपर्यंत ग्लानी होती. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आता ती बरी आहे.

इतर गोष्टी थोडक्यात. ऑगस्टअखेर पाऊस लागला तेव्हा कॅमेरा तीन दिवसांत बंद पडला. कंपनी म्हणाली, कॅमेऱ्याला वर्षाची हमी आहे पण बॅटरीला सहा महिन्यांचीच. गावातल्या मोबाईलवाल्या पोराने आतले सेल बदलून दिले, तेव्हापासून नीट चालतोय. पॅनलवर धूळ बसते, आठवड्याला फडकं मारावं लागतं. गाडीचा जीपीएस पट्ट्याला बांधून पाहिला. दोन दिवसांत चार्जिंग संपतं, आणि चोर पहिला पट्टाच कापून टाकतो. ब्लूटूथवालं बटण आसपास फोन असतील तिथेच चालतं, माळावर त्याचा उपयोग नाही.

चिपबद्दल लोकांचा गैरसमज आहे. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली टोचतात. तिच्यात पंधरा आकडी क्रमांक असतो आणि तो वाचायला यंत्र जवळ न्यावं लागतं. कुत्रं कुठे आहे हे ती सांगत नाही, ते कोणाचं आहे एवढंच सिद्ध करते. तरीही बसवा. यावेळी तक्रार देताना मी चिपचा क्रमांक चिकटवलेलं लसीचं कार्ड नेलं, दोन्ही बाजूंचे फोटो नेले आणि गेल्या वर्षी पिल्लू बारा हजारांना दिलं त्याची यूपीआयची नोंद नेली. दोघींची किंमत पन्नास हजार लिहायला लावली. वकिलांच्या सांगण्यावरून कलम ३०५ चाही आग्रह धरला. माल ठेवायच्या इमारतीतली चोरी त्यात येते आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. चोरी पुरी झाली नाही, तरी प्रयत्नाचाही गुन्हा होतो. गुन्हा नोंदला गेला. पिकअपचा मागचा भाग आणि एकाचा अर्धा चेहरा चित्रणात आहे, तो पोलिसांनी पेन ड्राइव्हवर घेतला. हे श्रेय कॅमेऱ्याचंच आहे. २०२४ मध्ये आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

इथपर्यंत परवा लिहून ठेवलं होतं आणि पाचपैकी दोन गुण दिले होते. काल भाचा सांगलीहून आला, त्याला सगळं सांगितलं. त्याने ॲप उघडलंच नाही. मोबाईलच्या सेटिंगमध्ये गेला, ॲप्स, मग हे ॲप, मग नोटिफिकेशन. तिथे 'अलार्म' नावाच्या ओळीवर दाबलं, साउंड निवडलं आणि चाळीस सेकंदांचा सायरन लावून दिला. शिवाय बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ॲप काढून टाकलं, म्हणजे रात्री मोबाईल त्याला झोपवणार नाही. रात्री मी स्वतः शेडसमोर जाऊन उभा राहिलो. घरातून आई ओरडली, "काय वाजतंय रं?" पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं.

हे सात फोनांत एकाही माणसाला सांगता आलं नाही. त्यांना माहीतच नव्हतं, का १४९ रुपये हवे होते, ते त्यांनाच ठाऊक. वस्तूला आता साडेतीन गुण देतो, कंपनीच्या सेवेला एकही नाही. तुमच्याकडे असला कॅमेरा असेल तर आज रात्री झोपण्याआधी हे सेटिंग करा, आणि घरातल्या कोणाला तरी शेडसमोरून चालत जायला सांगून बघा. रेंजची एकच काडी असेल तर सूचना उशिराही येते, म्हणून दाराची बेल मी काढणार नाही.

गावाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, तुम्हीही लिहू नका. पिल्लांचे फोटो टाकताना मागे घर, विहीर, पाटी दिसू देऊ नका. दिवाळीआधी दोघे जण पिल्लू बघायला आले होते. दर फारसा विचारला नाही, पण शेडच्या मागच्या बाजूला बराच वेळ उभे होते. आता पिल्लू दाखवायचं असलं की मी ते फाट्यावर घेऊन जातो.

हरणीला चिप नव्हती. रंग फिकट पिवळसर, छातीवर बोटभर पांढरा पट्टा, डाव्या कानाची कड लांडग्याने फाडलेली. ती आता सहा वर्षांची असेल. जत, सांगोला, मंगळवेढा, विजापूरच्या बाजूला कोणाच्या दारात अशी कुत्री दिसली, तर तिला 'हरणे' म्हणून हाक मारून बघा.