घरी येणाऱ्या पॅलिएटिव्ह टीमचा (बरा न होणाऱ्या आजारात त्रास कमी करणारे डॉक्टर-सिस्टर) अनुभव, आणि शेवटच्या झोपेच्या औषधाबद्दल

टीमचं नाव टाकत नाहीये कारण खाली एक तक्रारपण आहे आणि माणसं मोजकीच आहेत, पण नाशिकमध्ये घरी पेशंट असेल आणि कुणी अशी सर्व्हिस घ्यायचा विचार करत असेल तर वाचा. अण्णांना फुफ्फुसाचा कॅन्सर होता. केमो थांबली आणि हॉस्पिटलमधून "आता घरी न्या" एवढंच सांगून डिस्चार्ज दिला, घरी नेऊन करायचं काय हे कुणीच बोललं नाही. पाच आठवडे ही टीम येत होती. पहिले चार आठवडे एकदम छान गेले, मॉर्फिनच्या गोळ्या, त्यासोबत पोट साफ व्हायचं औषध, ऑक्सिजनचं मशीन, आणि टेबल फॅन चेहऱ्यावर लावला की धाप कमी वाटते हे सिस्टरनी शिकवलं ते खरंच उपयोगी पडलं. व्हिजिटची फी आणि शेवटी लागलेल्या, औषध हळूहळू सतत देणाऱ्या पंपाचं भाडं आम्हाला परवडण्यासारखं होतं.

मला लिहायचंय ते शेवटच्या चार दिवसांबद्दल.

अण्णांची धाप गोळ्यांना ऐकेना. रात्री भ्रम व्हायचा, चादर खुडत बसायचे, उठून दाराकडे जायला बघायचे, डोळ्यात नुसती भीती. मी डॉक्टरांना फोनवर म्हटलं की काहीतरी द्या आणि झोपवा एकदाचं. त्यांनी लगेच दिलं नाही. आले, आधी पोट दाबून बघितलं, लघवी तुंबली होती. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातल्यावर ती रात्र शांत गेली! दुसऱ्या दिवशी परत सुरू झालं तेव्हा भ्रमाचं औषध देऊन बघितलं, मॉर्फिन वाढवून बघितलं, आणि कशानेच भागेना तेव्हा कुठे ते पॅलिएटिव्ह सिडेशनबद्दल, म्हणजे त्रास जाणवू नये म्हणून औषधाने झोपेत ठेवण्याबद्दल बोलले. मला तेव्हा राग आला होता उशीर करतायत म्हणून, पण आता वाटतं तोच एक दिवस मला आयुष्यभर पुरेल, कारण बाकी सगळं करून झालं होतं हे मी स्वतः बघितलं.

सकाळी अण्णा जरा शुद्धीत असतात हे बघून डॉक्टर त्यांच्याशीच बोलले, आमच्याशी नाही. अण्णा तुटक तुटक म्हणाले, "श्वास मिळत नसेल तर जागं ठेवू नका. पण परी येईपर्यंत थांबा." परी माझी मुलगी, बंगलोरहून निघाली होती. संध्याकाळपर्यंत थांबले सगळे. तिने हात धरला, अण्णांनी "जेवलीस का" विचारलं, आणि मग मिडाझोलमचा, म्हणजे झोपेच्या औषधाचा, पंप लागला.

आत्याला हे अजिबात पटत नव्हतं. "म्हणजे दादाला आपणच पाठवतोय" असं ओट्याजवळ उभी राहून रडत होती. आत्या मुंबईची, तिला लगेच केईएम हॉस्पिटलच्या अरुणा शानबाग आठवल्या, हल्ल्यानंतर कित्येक वर्षं तिथेच शुद्ध हरपून पडून असलेल्या नर्स, 2011 मध्ये कोर्टाने त्यांचं खाणंपिणं बंद करायला नकार दिला होता ना, मग हे कसं चालतं असा तिचा प्रश्न. डॉक्टर स्टुलावर बसले आणि अर्धा तास दिला. म्हणाले, आत्या, इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे गुन्हाच आहे. 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे तो उपचार थांबवण्याचा आणि आधी इच्छा लिहून ठेवण्याचा, आपण इथे करतोय ते त्यातलंही नाही. सगळ्यात कमी डोसने सुरू करतो, कपाळावरची आठी गेली की तिथेच थांबतो. मॉर्फिन चालूच राहणार, कारण झोपेच्या औषधाने दुखणं थांबत नाही, आणि नुसतं झोपवायला म्हणून मॉर्फिन वाढवत बसणंही चूक. सलाईन द्यायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे, तो यात मिसळू नका. आणि आयुष्याचे काही तास ते दिवसच उरलेत म्हणून हे सुचवतोय, महिने असते तर एवढी गाढ झोप सुचवली नसती.

सगळे म्हणतात हेतू महत्त्वाचा, मारायचा नाही, त्रास थांबवायचा. पण हेतू कुणाच्या कपाळावर लिहिलेला असतो का? मला विश्वास बसला तो कागदामुळे. सिस्टरनी फ्रिजवर एक तक्ता चिकटवला, वेळ, डोस, श्वास, चेहरा, आणि डोस का वाढवला त्याचं कारण. तीन दिवसांत डोस दोनदाच वाढला आणि एकदा कमी केला. कमी केल्यावर अण्णा कण्हायला लागले, मग परत आधीचा केला. आत्या चष्मा लावून तो कागद दर दोन तासांनी वाचायची. कुणीही ही सर्व्हिस घेतली तर तो तक्ता मागाच, टीमने दिला नाही तर आग्रह धरा.

सिस्टरबद्दल लिहिलंच पाहिजे. अण्णा गाढ झोपेत, तरी कूस बदलताना "अण्णा, डावीकडे वळवतेय हं" असं प्रत्येक वेळी सांगायच्या. ओल्या कापसाने तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं, हे माझ्या हातून करून घेतलं. तेवढं तरी करायला मिळालं मला.

आता तक्रार. दुसऱ्या रात्री अडीचला पंप कोकलायला लागला आणि इमर्जन्सी नंबर पंचवीस मिनिटं कुणी उचलला नाही. अण्णा हलायला लागले, परी रडायला लागली, मला वाटलं आता ते जागे होणार आणि परत तीच धाप. शेवटी सिस्टरच्या पर्सनल नंबरवर व्हिडिओ कॉल केला तेव्हा कळलं नळी हाताखाली दुमडली होती. डॉक्टरांनी सकाळी माफी मागून दुसरा नंबर दिला. पण घरच्यांच्या भरवशावर पंप ठेवून जाताय तर रात्रीचा फोन उचलला जायलाच हवा, यात सूट नाही. आणि दुसरं म्हणजे हे बोलणं पहिल्याच आठवड्यात व्हायला हवं होतं, तेव्हा अण्णा तासभर गप्पा मारत होते, त्यांनी कितीतरी जास्त सांगितलं असतं. या दोन गोष्टींसाठी एक स्टार कापतेय, पाचातले चार.

तिसऱ्या दिवशी पहाटे अण्णा गेले, शांत. तेराव्यानंतर डॉक्टरांचा फोन आला, आम्ही कसे आहोत विचारायला. आत्याने फोन मागून घेतला आणि विचारलं, "शेवटी मी त्याच्याशी बोलत होते, त्याला ऐकू येत होतं का हो?" ते म्हणाले, खात्रीने सांगता येत नाही आत्या, पण आम्ही येतंय असं धरूनच बोलतो. आत्या बराच वेळ फोन कानाला लावून तशीच बसली होती.