योगसूत्रांच्या अभ्यासगटातले काही महिने : माझा अनुभव

पतंजलींच्या योगसूत्रांचं वाचन आणि ध्यान एकाच बैठकीत करणाऱ्या एका अभ्यासगटात मी गेले कित्येक महिने नियमाने जाते आहे. अशा गटात जावं का, हे आता ओळखीचे लोक विचारू लागलेत, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. जिथे वाचलेलं त्याच आठवड्यात ध्यानाला बसून पाहिलं जातं, अशा गटात जरूर जा. नुसती व्याख्यानं ऐकून हा ग्रंथ कळल्यासारखा वाटतो, पण उपयोगाला येत नाही.

बैठक आठवड्यातून एकदा. सुरुवातीला सगळे मौनात बसतात, मग सूत्रं म्हटली जातात, त्यावरचं व्यासभाष्य, म्हणजे व्यासांनी केलेलं विवरण, वाचलं जातं आणि शेवटी चर्चा होते. संस्कृत उत्तम जाणणारे एक ज्येष्ठ सदस्य अन्वय सांगतात, पण गुरू म्हणून कुणीच समोर बसत नाही. एका वेळी फार तर दोन-तीन सूत्रं होतात. चार पादांत, म्हणजे प्रकरणांत, मिळून सूत्रं 195, तीही इतकी छोटी की एका दमात म्हणून संपतील. त्यामुळे हा वेग नव्या माणसाला संथ वाटतो आणि काहीजण तेवढ्यावरच गळतात. आसनं शिकायला मिळतील या अपेक्षेनेही काहीजण येतात. आसनावर पतंजलींनी दुसऱ्या पादात सलग तीनच सूत्रं दिली आहेत. बाकी सगळा विचार चित्ताचा आहे. हे माहीत असलेलं बरं.

गटात जाण्याचं खरं मोल मला पहिल्या पादातल्या तिसाव्या सूत्राला कळलं. त्यात चित्त विचलित करणारे नऊ अंतराय, म्हणजे अडथळे, दिले आहेत : व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (चुकीची समजूत), अलब्धभूमिकत्व (स्थिरता न लाभणं) आणि अनवस्थितत्व (लाभलेली स्थिरता न टिकणं). एकटीने वाचताना ही नुसती यादी वाटते. आम्ही मात्र ती समोर ठेवून आठवडाभर ध्यानाला बसलो आणि पुढच्या बैठकीत प्रत्येकाने आपल्याला काय आडवं आलं ते सांगितलं. कुणी म्हणालं, मन कामालाच लागत नाही. कुणी म्हणालं, मन तयार असतं पण अंग जड होतं. भाष्यात हे दोन्ही वेगळे धरले आहेत. चित्ताची अकर्मण्यता म्हणजे स्त्यान, आणि शरीर व चित्त जड झाल्यामुळे प्रवृत्तीच न होणं म्हणजे आलस्य. मग उपायही वेगळा लागतो. ज्याचं अंग जड होतं त्याला बसण्याची वेळ बदलून पाहायला सांगता येतं. ज्याचं मनच उठत नाही, त्याला वेळ बदलून काय मिळणार?

शेवटच्या दोन अंतरायांवर तर पूर्ण बैठक गेली. काहींना अजून कुठलीच स्थिरता लाभलेली नव्हती, काहींना ती एकदा लाभून निसटली होती. ज्यांची निसटली होती, ती माणसं जास्त खचलेली होती. आपल्याला जे होतंय त्याला नाव आहे आणि ते प्राचीन काळीही साधकांना होत होतं, हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी पाहिला. इतका दिलासा एकट्याच्या वाचनातून मिळाला असता असं मला वाटत नाही.

ध्यानाच्या बाबतीत गटाने कुणावर एकच पद्धत लादली नाही, आणि याला सूत्रांचाच आधार आहे. पहिल्या पादातल्या तेहेतिसाव्या सूत्रात मैत्री, करुणा, मुदिता (दुसऱ्याच्या चांगल्याचा आनंद), उपेक्षा (तटस्थपणा) सांगितल्यावर पतंजली पुढच्या सहा सूत्रांत चित्त स्थिर करण्याचे एकामागून एक पर्याय देतात. प्राणावर लक्ष, विषयावर स्थिरावलेलं चित्त, शोकरहित ज्योती, वीतराग पुरुषाचं चित्त, स्वप्न-निद्रेतलं ज्ञान आणि शेवटी ‘यथाभिमतध्यानाद्वा’, म्हणजे जे आपल्याला रुचेल त्याचं ध्यान. आमच्यात कुणी श्वासावर लक्ष ठेवतात, कुणी प्रणवाचा, म्हणजे ॐचा, जप करतात. मौन मात्र सगळ्यांचं एकच. मी श्वासावर बसते. घरी एकटीने बसताना मी लवकर उठायचे. इथे शेजारी कुणीतरी निश्चल बसलेलं असतं, म्हणून माझीही बैठक टिकते. ही साधी गोष्ट आहे, पण त्याच पादातल्या चौदाव्या सूत्रात अभ्यास दृढ व्हायला दीर्घकाळ, खंड न पडू देणं आणि आदर या तीन अटी घातल्या आहेत. त्यातली मधली अट गटामुळे पाळली जाते.

यमनियमांची, म्हणजे अहिंसा, सत्य अशा आचरणाच्या नियमांची, चर्चा कोरडी होईल असं मला वाटलं होतं. झालं उलटं. दुसऱ्या पादातलं चौतिसावं सूत्र हिंसेचे प्रकार मोजतं : स्वतः केलेली, करवलेली, अनुमोदन दिलेली, लोभाने, क्रोधाने किंवा मोहाने, सौम्य, मध्यम किंवा तीव्र. असे 27 प्रकार होतात आणि भाष्यकार ते 81 पर्यंत नेतात. मोहाने केलेली हिंसा म्हणजे ‘यातून मला धर्म घडेल’ असं समजून केलेली. या एका ओळीवर आम्ही कितीतरी वेळ बोललो. आणि अनुमोदन! समोर कुणाचा अपमान चाललेला असताना आपण मनातून खूश होतो, ते कोणत्या खात्यात जातं, हा प्रश्न एका तरुण सदस्याने विचारला. तेव्हापासून मी ऐकीव निंदेत मान डोलावताना थबकते.

आता अडचणी. योगसूत्रांमागच्या सांख्य तत्त्वज्ञानाची थोडी ओळख नसेल तर पुरुष, प्रकृती, गुण या शब्दांपाशी गाडी अडते. आमच्या गटाने सुरुवातीलाच त्यावर दोन बैठका दिल्या असत्या तर बरं झालं असतं. प्रत्येकाच्या हातात वेगळी आवृत्ती असते. काहींत तिसऱ्या पादातलं एक सूत्र जास्त धरलेलं आहे, म्हणून एकूण 196 होतात आणि तिथून पुढचे क्रमांक एकाने सरकतात. मूळ सूत्र वाचून दाखवायचा नियम केला आणि गोंधळ थांबला. तिसऱ्या म्हणजे विभूतिपादात सिद्धींच्या, म्हणजे अलौकिक शक्तींच्या, गप्पा हाताबाहेर जातात. आमच्याकडेही गेल्या. पण त्याच पादात या सिद्धी समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळे, आहेत असं स्पष्ट म्हटलंय, ते वाचल्यावर चर्चा जागेवर आली. स्वतःच्या सिद्धींची भाषा करणारा माणूस जिथे गट चालवत असेल, तिथे मी थांबणार नाही.

आणखी एक, कळकळीने सांगते. तीव्र नैराश्य, भीतीचे झटके किंवा ताजा मोठा आघात असेल तर आधी डॉक्टरांकडे जा. डोळे मिटून दीर्घकाळ बसणं अशा वेळी काहींना सोसत नाही, आणि अभ्यासगट म्हणजे उपचार नव्हे. आमच्यातल्या एकांना ज्येष्ठांनी हेच सांगितलं, उपचार सुरू झाल्यावर ते परत आले, आणि आता डोळे उघडे ठेवून थोडाच वेळ बसतात.

माझ्यात काय बदललं? राग येणं थांबलेलं नाही. तो चढतोय हे आता लवकर कळतं आणि बोलण्याआधी एक श्वास मिळतो. झोपेत फरक नाही. मुदिता, म्हणजे दुसऱ्याचं चांगलं पाहून आनंदणं, मला अजूनही सगळ्यांत अवघड जातं.

सध्या चौथा म्हणजे कैवल्यपाद चालू आहे आणि त्यातली सूत्रं फार गहन आहेत, त्यामुळे नव्या माणसाने याच टप्प्यावर येऊ नये. पहिला पाद पुन्हा सुरू होईल तेव्हा या. सलग काही बैठका बसून पाहा, आणि तोवर घरी रोज थोडा वेळ बसायची सवय लावून घ्या.