८ बाय ४२ ची दुर्बीण, मृगापासून दिवाळीपर्यंत वापरून

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, धानाच्या बांध्या, मामा तलाव (म्हणजे माजी मालगुजारी, जुने गावतलाव) आन् मागे जंगल. जूनमध्ये ऑनलाइन मागवली ही दुर्बीण, सहा हजाराच्या आत पडली. ८ म्हणजे आठपट जवळ दिसते आणि ४२ म्हणजे समोरच्या काचेचा व्यास मिलिमीटरमध्ये, काच मोठी म्हणून पहाटे आणि दिवेलागणीलाही चांगलं दिसते, पाखरं तेव्हाच तर फिरतात. दहापटवाली घेऊ नका, हात जरा हलला की चित्र नाचते. उजव्या डोळ्याची रिंग वेगळी असते ती एकदा आपल्या नजरेप्रमाणे लावून घ्या, नाहीतर सगळं धुरकट दिसन.

आता खरं सांगायचं ते. रोवणी झाल्यावर धुऱ्यापलीकडच्या बांधीत सारसाची जोडी बसली होती. सारस म्हणजे माणसाएवढा उंच, उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यात उंच, आणि महाराष्ट्रात आता मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेला. जवळ गेलं तर अंडी सोडून उठतात म्हणून मी लांब धुऱ्यावरूनच पाहत राह्यलो. पाऊस नुकताच थांबलेला, एक उठला, दुसरा पाण्यातून हळू हळू आला आणि बसायच्या आधी चोचीनं अंडं एवढुसं फिरवलं, लाल मानेवरून पाण्याचा थेंब घसरला तोही दिसला. मी श्वास रोखून होतो. देवळात आपण गाभाऱ्याबाहेरूनच हात जोडतो ना, तसंच वाटलं, दर्शन झालं आणि त्याला धक्काही लागला नाही.

पट्टा एकदम बेकार आहे, मान कापते, दुसरा घ्या. काचेची झाकणं सैल, एक चिखलात गेलं ते गेलंच. पावसात भिजली पण आत वाफ धरली नाही. चंद्र पाहायचा तर पुनवेला नाही, अष्टमीच्या आसपास, खड्ड्यांच्या सावल्या दिसतात. सूर्याकडे चुकूनही लावू नका, डोळा जाईल, लेकरांच्या हाती देताना हे आधी सांगा.

दसऱ्याला नीलकंठ दिसला की आमची आजी चप्पल काढून नमस्कार करते, लहानपणापासून पाहतो. मले वाटे रीत आहे, करते. औंदा तारेवर बसलेला होता, दुर्बिणीतून पाह्यलं तर गळा निळा नाहीच, मातकट तांबूस, छातीवर पांढऱ्या बारीक रेघा, मातीच्या ढेकळासारखं पाखरू. आणि मग उडाला. पंख उघडले तशी निळाई अशी काही फाकली की मी नुसता उभा. एवढी निळाई त्यानं मिटून ठेवली होती आणि रोज तारेवर बसत होता, आपल्या डोळ्यांसमोर!

आजीले म्हटलं तू पाह्य. पाखरू पुढच्या खांबावर बसलं होतं, तिच्या डोळ्याले लावून दिली, बराच वेळ काही बोलली नाही. ते उडालं तसं "माय वं" म्हणाली, दुर्बीण माझ्या हातात दिली आणि दोन्ही हात जोडले.