बारावीनंतर एनडीए की पदवीनंतर सीडीएस?

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलं, तरी सैन्यातल्या अधिकारीपदाची वाट यूपीएससीच्या एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि सीडीएस (कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस) या परीक्षांतून जाते. पीयूसी दुसऱ्या वर्षात, म्हणजे बारावीत असतानाच एनडीएचा अर्ज भरता येतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. गणिताला 300 गुण, सामान्य क्षमतेला 600. भूदलाला आर्ट्स-कॉमर्सही चालतं, पण गणिताचा पेपर सुटत नाही. खानापूर-निपाणीकडची मुलं अडतात ती इथेच. शिवाय प्रश्न इंग्रजी-हिंदीत, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. पुढे पाच दिवसांची एसएसबी (निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत), खडकवासल्याच्या प्रबोधिनीत तीन वर्षं, डेहराडूनच्या लष्करी अकादमीत एक.

सीडीएसला पदवी हवी. डेहराडूनसाठी 100-100 गुणांचे तीन पेपर, प्रशिक्षण दीड वर्ष. चेन्नईच्या ओटीएला (अधिकारी प्रशिक्षण अकादमी) तर गणितच नाही!

गणित पक्कं असेल तर आधी एनडीएच द्यावी. हुकली तरी सीडीएस उरतेच.