नायट्रेट तपासायचंय: पट्टी की प्रयोगशाळा?

लेक बाळंतपणाला येणार म्हटल्यावर बोअरचं पाणी तपासायचं ठरवलं. आमचा वरुड तालुका संत्र्याचा, बागेला युरिया आणि शेणखत दोन्ही सढळ हाताने पडतं आणि त्यातूनच नायट्रेट जमिनीत मुरून पाण्यात उतरतं. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024च्या अहवालात नायट्रेटसाठी अमरावती जिल्ह्याचं नावही आहे. टीडीएसच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या, पेनाने नायट्रेट कळत नाही आणि पाणी उकळलं तर ते उलट दाट होतं, हे तुम्हाला माहीत असेलच. उरले दोन मार्ग. मी दोन्ही करून पाहिले.

पट्टीचं कौतुक करायलाच हवं. बुडवा, मिनिटभर थांबा, गुलाबी रंग बघा. एका दुपारीत आमची बोअर, शेजारची विहीर आणि नळ उरकले. नळाच्या पाण्याला रंग जवळपास नाहीच, विहिरीला गडद.

घोडं अडलं ते आमच्या बोअरवर. डबीवरचे रंगाचे चौकोन 25 वरून थेट 50 वर उडी मारतात आणि भारतीय मानकाची मर्यादा आहे लिटरला 45 मिलिग्रॅम! आमचा रंग नेमका त्या दोन चौकोनांच्या मधला. अंगणात मी म्हणे 25, ट्यूबलाइटखाली बायको म्हणे 50. तीन पट्ट्या संपल्या, वाद काही संपेना. मग दुसऱ्या प्रकारची पट्टी आणली, तिच्यावर 10 दिसले. हुश्श केलं. सकाळी चष्मा लावून बघतो तर आकडे नायट्रेट-नायट्रोजनचे, म्हणजे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचे. तिथले 10 म्हणजे आपले जवळपास 45. पुन्हा काठावरच.

प्रयोगशाळेचा त्रास वेगळा. बोअर थोडा वेळ चालू ठेवून, त्याच पाण्याने विसळलेल्या कॅनमध्ये लिटरभर पाणी भरलं आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवलं. एक दिवस त्यात गेला, अहवालाला आठवडा लागला. पण कागदावर स्वच्छ लिहिलं होतं: 58. त्यावर घरात कोणी काही बोललं नाही, आरओ बसवला.

तुमचं पाणी अगदीच बरं किंवा अगदीच वाईट असेल तर पट्टीवर भागेलही. पण घरात सहा महिन्यांच्या आतलं, डब्याच्या दुधावरचं बाळ असेल तर मी तरी काठावरच्या रंगावर विसंबणार नाही. नायट्रेटने बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते, बाळ निळं पडू शकतं.

उरलेल्या पट्ट्या वाया गेल्या नाहीत. महिन्यातून एकदा आरओच्या पाण्यात बुडवतो. तिथे फक्त रंग येतो की नाही एवढंच बघायचं असतं, आणि ते बायकोला आणि मला सारखंच दिसतं.