देवीची मान वळवून देणारा माणूस

आमचे घर अमळनेर तालुक्यातील एका खेड्यात आहे आणि खान्देशातील असंख्य कुटुंबांप्रमाणे वणीच्या गडावरील सप्तशृंगी ही आमची कुलदेवी आहे. खान्देश हे तिचे माहेर, असे आमच्याकडे मानतात, त्यामुळे चैत्रात आमच्या भागातून हजारो माणसे पायी गडावर जातात. इतक्या ओळखीच्या देवीच्या नावाने कोणी आपल्याला फसवू शकेल, असे मला कधी वाटले नव्हते. फसवणूक झाली ती मात्र त्या ओळखीचाच आधार घेऊन.

थोरल्या मुलाचे लग्न जमत नव्हते. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे आज किती अवघड झाले आहे, हे आमच्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. एके दिवशी दूरच्या नातेवाइकाच्या ओळखीने साठीचे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी पैशांचा विषयच काढला नाही. तासभर ते केवळ देवीची कथा सांगत होते. महिषासुराचा वध, सात शिखरे, अठरा हातांतील आयुधे, समोरच्या डोंगरावर सप्तशतीचा पाठ करणारे मार्कंडेय ऋषी आणि तो ऐकण्यासाठी देवीने किंचित कललेली मान, हे सर्व त्यांनी इतके बिनचूक सांगितले की आईने हात जोडले. आणि मग, जणू त्याच कथेचा पुढचा भाग असावा अशा सुरात, ते म्हणाले की ज्या घराण्याचा कुळाचार खंडतो त्याच्याकडूनही देवी मान फिरवते. 2022 साली मूर्तीवरील शेंदराचा जुना लेप काढून मूळ रूप खुले झाले, ही खरी गोष्टही त्यांनी वापरली. कवच उतरल्यापासून जुने दोष उघडे पडू लागले आहेत, असे त्यांचे म्हणणे.

त्यानंतर त्यांनी हळूच विचारले, "तुमच्याकडे एका श्रावणात कानबाई बसली नाही ना?" वडील गेले त्या वर्षी सुतक असल्यामुळे आम्ही कानबाई, म्हणजे खान्देशात श्रावणात घरोघरी बसवली जाणारी देवी, बसवली नव्हती, तिच्या नैवेद्याचे रोटही केले नव्हते. ही गोष्ट सगळ्या भाऊबंदकीला ठाऊक होती, पण त्या क्षणी मला ते आठवले नाही. आई तेवढी पुटपुटली, "माय कधी पोरेसवर कोपस का?" तिचे ऐकायला हवे होते.

तो दोष घालवणाऱ्या शांतीसाठी संकल्पाचे 11,000, गडावरील नवचंडीचे, म्हणजे सप्तशतीचे पाठ आणि होम यांचे, 51,000 आणि चांदीच्या डोळ्यांचे 18,500, असे 80,500 रुपये मी दीड महिन्यात दिले. त्यातील बहुतेक रक्कम मोबाइलवरून गेली, आणि खात्यावर त्यांचे नव्हे, भलत्याच बाईचे नाव होते. "यजमानाने समोर असू नये, दोष परत चिकटतो," असे सांगून त्यांनी आम्हाला गडावर येऊ दिले नाही. यजमानाला वगळून होणारी शांती मी तरी आयुष्यात पाहिली नव्हती. तरी गप्प बसलो.

विधीनंतर होमाचा एक फोटो आला आणि प्रसादाचे पुडके आले. पुडक्यात नारळ, हळद-कुंकू आणि हिरवा खण होता. खण कपाटात ठेवताना पत्नीने त्याची घडी उलगडली, तर आतल्या बाजूला दुकानाचे स्टिकर होते, किंमत 60 रुपये, आणि दुकान आमच्याच अमळनेरच्या बाजारातील. त्या रात्री मी पहिल्यांदा हिशेब मांडला. सप्तशतीत 13 अध्याय आणि 700 मंत्र आहेत. सराईत माणसालाही एका पाठाला दोन तासांच्या आसपास लागतात आणि नवचंडीत असे नऊ पाठ असतात. आमची नवचंडी दोन ब्राह्मणांनी सकाळी आठ ते अकरात होमासह उरकली होती.

आम्ही गडावर गेलो. देवस्थानच्या कार्यालयात आमच्या नावाची कोणतीही पावती नव्हती. चांदीचे डोळे तर कोणी जमाच केलेले नव्हते. आईला ट्रॉलीने वर नेले. दर्शन घेताना तिने मूर्तीकडे बराच वेळ पाहिले आणि मान पूर्वी होती तशीच आहे, एवढेच सांगितले.

लाजेपोटी मी दोन महिने कोणाला काही बोललो नाही आणि तेच सर्वात महागात पडले. 1930 या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर पैसे वाटेत अडवता येण्याची काही शक्यता होती. मी केला तेव्हा खाते रिकामे झाले होते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली आहे, सोबत व्यवहारांचे स्क्रीनशॉट, तो फोटो आणि स्टिकरसह खण जोडला आहे. जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे, तो या प्रकरणात लागतो की साधा फसवणुकीचा गुन्हा होतो, याचा निर्णय अजून व्हायचा आहे.

मागच्या आठवड्यात पारोळ्याहून मावसबहिणीचा फोन आला. तिच्याकडेही एक गृहस्थ येऊन देवीची मान का कलली, हे सांगून गेले आहेत. संकल्पाचा दर आता 21,000 झाला आहे.