उपजिल्हा रुग्णालयातलं डायलिसिस: आठ महिन्यांचा अनुभव आणि एक कुलूप

गेल्या महिन्यातल्या एका सोमवारी पहाटेची पाच चाळीसची एसटी पकडून मी सासऱ्यांना घेऊन तालुक्याला गेले. पावणेसातला डायलिसिस विभागाच्या दाराशी पोहोचलो तर दार बंद. बाहेर पुसत असलेल्या मावशी म्हणाल्या, आरओ (मशीनला लागणारं पाणी शुद्ध करणारं यंत्र) बिघडलाय, आज एकही मशीन लागणार नाही, उद्या या. अठ्ठावीस किलोमीटर आलेल्या माणसाला "उद्या या". आप्पा तिथेच बाकड्यावर बसले आणि मला म्हणाले, "चल गं, भांडू नकोस." मी भांडले. तासभर भांडले. त्या दिवशी रात्री जे झालं त्यानंतरच हे सगळं लिहायचं ठरवलं.

डायलिसिस काय असतं, आठवड्यातून तीनदा चार-चार तास का लागतं, हे ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच: मूत्रपिंडं काम करेनाशी झाली की रक्त शुद्ध करायचं आणि अंगातलं जास्तीचं पाणी काढायचं काम मशीन करतं. आमचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार. म्हणजे शुक्रवार ते सोमवार हा आठवड्यातला सगळ्यात लांबचा खंड. पाणी अंगात साठतं ते त्यातच. त्या सोमवारी डायलिसिस झालं नाही, म्हणजे शुक्रवारनंतर थेट मंगळवार. सोमवारी रात्री अकराला आप्पांना आडवं होता येईना. बसूनही धाप. १०८ ला फोन लावला. पस्तीस मिनिटांत गाडी आमच्या वस्तीवर आली, सोबत डॉक्टर होते, ऑक्सिजन लावूनच उचललं. तालुक्याचं डायलिसिस बंदच होतं, म्हणून तिथून जिल्ह्याच्या गावी नेलं आणि पहाटे तीनला तिथे मशीन लागलं. एक रुपया कुणी मागितला नाही. १०८ बद्दल मी ऐकून होते, पण अशी वेळ आल्याशिवाय माणसाचा विश्वास बसत नाही. माझा आता बसला.

आता रुग्णालयाबद्दल. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं चांगली आहेत आणि मला त्यांना अडचणीत आणायचं नाही. आधी चांगलं सांगते. पहिले दोन महिने आम्ही खाजगीत होतो. एका डायलिसिसचे १,४०० रुपये, इंजेक्शनं वेगळी. दुभती म्हैस विकली. मग शेजारच्या गावातल्या एका बाईंनी सांगितलं की तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट होतं. आठ महिन्यांत शंभरावर वेळा झालं. खाजगीच्या हिशेबाने एक लाख चाळीस हजारांच्या वर गेले असते. इथे केसपेपरलासुद्धा पैसे नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, हे अजूनही कितीतरी लोकांना ठाऊक नाही. मशीन स्वच्छ, चादर रोज बदललेली, टेक्निशियन हाताला हलका. आप्पा म्हणतात, खाजगीत सुई जास्त दुखायची.

मग तक्रार काय? तक्रार एका काचेच्या कपाटाची आहे.

डायलिसिस विभागासमोरच्या व्हरांड्यात नातेवाइकांसाठी एक स्टीलचं बाकडं आहे. त्याच्या अगदी समोर भिंतीवर सूचना फलक. लाकडी चौकट, काचेची दोन दारं, मधे कुलूप. मी त्या बाकड्यावर आठ महिन्यांत चारशे तास बसले असेन, आणि चारशे तास माझ्या डोळ्यांसमोर त्या काचेआड एकच कागद आहे: पल्स पोलिओ, रविवार, १९ जानेवारी २०२०. खालचा कोपरा वाळवीने खाल्लेला. कोविडच्या आधीचा कागद. त्यानंतर ते कुलूप कुणी उघडलेलं नाही हे सांगायला कुठला जाणकार लागत नाही.

लोक म्हणतील, फलकाचं एवढं काय घेऊन बसलात. मी का घेऊन बसले ते सांगते. एसटी महामंडळाची डायलिसिसच्या रुग्णांसाठी प्रवासाची सवलत आहे. रुग्णालयाचं पत्र, आधार आणि फोटो घेऊन आगारात गेलो की काम होतं. आप्पांचं तिकीट पूर्ण माफ झालं. पण हे मला कळलं चौथा महिना संपताना, तेही एका कंडक्टरकडून. तोवर आम्ही त्यांचं अर्धं तिकीट काढत होतो, कारण ते अडुसष्ट वर्षांचे, पासष्टच्या वरच्यांना अर्धं. माझं बाई म्हणून अर्धं. आप्पांचे येता-जाता ५६ रुपये, आठवड्याला १६८, सतरा आठवड्यांचे २,८५६. वहीत लिहून ठेवलंय. आमच्याकडे एवढ्यात तीन महिन्यांचा किराणा येत नसेल, पण दीड महिना नक्की निघतो. एका कागदाने हे पैसे वाचले असते. कागद लावायला जागा आहे, चौकट आहे, काच आहे. फक्त किल्ली नाही.

किल्ली मी शोधली. आधी सिस्टरना विचारलं. त्या म्हणाल्या ऑफिसात असेल. ऑफिसातल्या क्लार्कनी सांगितलं स्टोअरला विचारा. स्टोअरवाल्यांनी तीन ड्रॉवर उपसले, किल्ल्यांचा जुडगा काढला, माझ्यासोबत येऊन एकेक लावून पाहिली, एकही लागली नाही. भला माणूस, त्याचा काही दोष नाही. मेट्रनबाईंनी सांगितलं की आधीचे क्लार्क बदलून गेले, त्यांच्याकडे असेल. मी म्हटलं, मग कुलूप तोडा. त्या म्हणाल्या, सरकारी वस्तू आहे, अशी तोडता येत नाही, अर्ज द्या. अर्ज दिला. त्याची पोच माझ्याकडे आहे.

त्या सोमवारच्या प्रकाराबद्दल मात्र मला माझं मत बदलावं लागलं, आणि ते प्रामाणिकपणे लिहिते. मंगळवारी आदल्या रात्रीच्या जागरणाने डोकं तापलेलंच होतं. मी टेक्निशियनना जाब विचारला: आरओ रविवारीच बंद पडला होता, मग आम्हाला फोन का नाही? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्यांनी रविवारी संध्याकाळी सगळ्यांना फोन केले होते. आप्पांच्या नावापुढचा नंबर होता माझ्या दिरांचा. ते पुण्याला असतात, पहिल्या दिवशी तेच सोबत आले होते म्हणून त्यांचाच लिहिला गेला. त्यांनी अनोळखी नंबर म्हणून उचलला नाही. मी खजील झाले. ज्या माणसाला मी तासभर बोलले होते, त्याने त्याचं काम केलं होतं. त्यांची मी माफी मागितली. त्यांनी तेव्हाच मला आरओचं समजावलं: एका रुग्णाच्या चार तासांना साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, सगळ्या मशिन्सना एकाच ठिकाणाहून जातं. म्हणजे आरओ बंद तर सगळंच बंद. एखाद्याचं तरी करा म्हणून मी त्या दिवशी हातापाया पडत होते, त्याला अर्थच नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट: जो माणूस रुग्णाला घेऊन येतो, त्याचाच नंबर रजिस्टरला द्या. शिवाय दुसरा एक. आणि नंबर बदलला की त्याच दिवशी जाऊन सांगा.

हाताचं सांगायचं राहिलं. आप्पांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून ऑपरेशन करून धमनीला जोडलेली शीर. ते ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत, यादीतल्या एका खाजगी रुग्णालयात झालं. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचं, टेबल शोधायचं. रेशन कार्ड आणि आधार मूळ न्यायचं, झेरॉक्स घरून काढून न्यायच्या, दवाखान्याच्या दारात पानाला पाच रुपये घेतात. कुठलं रुग्णालय यादीत आहे ते १५५३८८ वर विचारता येतं. फिस्टुला लगेच वापरता येत नाही, आमचा तयार व्हायला सात आठवडे गेले, तोवर मानेतल्या नळीवर काढावे लागले. पण खरी काळजी नंतरची. त्या हाताला बीपीचा पट्टा लावायचा नाही, रक्त काढायचं नाही, सलाईन नाही. रात्री कॅज्युअल्टीत नवी सिस्टर असली की तिला माहीत नसतं. एकदा पट्टा गुंडाळून झाला होता, मी ओरडले म्हणून थांबली. तेव्हापासून आप्पांच्या मनगटाला मी कापडाची पट्टी बांधते, त्यावर लाल पेनाने लिहिलंय: या हाताला बीपी नको, सुई नको. रोज सकाळी फिस्टुलावर बोटं ठेवून आतल्या रक्ताची थरथर लागते का तेही बघायचं. लागली नाही तर वार येण्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सोबत काय न्यायचं तेही कुणी सांगत नाही. मशीनवर माणसाला थंडी वाजते, मे महिन्यातसुद्धा, म्हणून गोधडी. भरपेट जेवण आत नको, बीपी उतरतं; आमच्या शेजारच्या खाटेवरचे काका पोळीभाजी खाता खाता पांढरेफटक पडले होते. आणि भेटायला येणाऱ्यांना हात जोडून सांगते, शहाळं आणू नका. नारळपाणी, केळी, सगळ्यात पोटॅशियम. चांगल्या मनाने आणलेलं ते, पण या रुग्णाला घातक ठरू शकतं. आम्ही परत पाठवतो तेव्हा लोकांना राग येतो. येऊ दे.

मधे एकदा आप्पांना चार दिवस ॲडमिट केलं होतं. पुरुष वॉर्डात रात्री नऊनंतर बाईमाणसाला थांबू देत नाहीत. नियम बरोबर आहे, बाकीच्या रुग्णांचाही विचार करावा लागतो. पण घरात पुरुष नसेल तर? माझे मिस्टर ट्रकवर असतात. पहिल्या रात्री मी त्याच डायलिसिसच्या बाकड्यावर बसून काढली. त्या बाकड्याला प्रत्येक दोन खुर्च्यांमधे लोखंडी हात आहे, आडवं होता येत नाही. दुसऱ्या दिवशी एका मावशींनी सांगितलं की प्रसूती वॉर्डाबाहेर बायकांसाठी खोली आहे, पंखा आहे, फळी आहे. तीही कुठे लिहिलेली नाही. रुग्णाला जेवण मिळतं, सोबतच्या माणसाला नाही. भेटायची वेळ चार ते सहा, पास एकच. पास हरवला तर गेटवर हुज्जत घालू नका, ज्या वॉर्डात रुग्ण आहे तिथल्या सिस्टरकडून दुसरा लिहून आणा. डिस्चार्ज सकाळी सांगतात पण कार्ड दुपारी दोननंतरच हाती येतं, तेव्हा गाडीवाल्याला सकाळी बोलावून बसवून ठेवू नका, तो थांबल्याचे पैसे लावतो.

हे सगळं मला कळलं ते बाकड्यावर. कंडक्टरकडून, मावशींकडून, शेजारच्या बाईंकडून. दर महिन्याला कुणीतरी नवीन कुटुंब येतं, घाबरलेलं असतं, हातात पिशवी, आणि त्या फलकापुढे उभं राहून पल्स पोलिओ वाचतं. मी किती जणांना असं वाचताना पाहिलंय. त्यांना वाटतं आपल्या कामाचं काहीतरी असेल.

तीन आठवड्यांपूर्वी मेट्रनबाईंनी मला बोलावून घेतलं. अर्जाचं काही झालेलं नव्हतं, पण त्या म्हणाल्या, काचेच्या आत नाही तर बाहेरून लावा, मी बघते. मुलीच्या शाळेतला कार्डशीट आणला, तिच्या स्केचपेनांनी मोठ्या अक्षरात लिहिलं. एसटीची सवलत सगळ्यात वर. मग फोन नंबर द्यायचं, हाताचं, गोधडीचं, बायकांच्या खोलीचं. टेक्निशियननी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली आणि शेवटी सही केली. आम्ही तो कागद त्या काचेवर चिकटवला. पल्स पोलिओ त्याच्यामागे झाकला गेला.

पहिल्याच आठवड्यात एका आजीने नातवाला तो मोठ्याने वाचायला लावला आणि पत्रासाठी तडक ऑफिसात गेल्या. पत्र त्याच दिवशी मिळालं.

व्हरांड्यात पाऊस आत येतो, त्यामुळे खालचा कोपरा सुटलाय. बुधवारी चिकटपट्टी घेऊन जाणार आहे. सगळ्यात खाली एक ओळ मोकळी ठेवली आहे, "आरओ चालू आहे का हे आदल्या रात्री विचारण्यासाठी फोन" असं लिहून. तो नंबर द्यायचा की नाही हे अजून ऑफिसात ठरतंय. मी दर वेळी जाऊन विचारते.